सात नंबरच्या आडाचं पाणी

"ताई, एक आड मला खोटं पाडतोय," ती मुलगी म्हणाली, आणि तिनं पिशवीतून भलामोठा नकाशा काढून टेबलावर पसरला.

विशाखा साळवेच्या ऑफिसात येणारी माणसं असं बोलत नाहीत. ती म्हणतात, स्थळाची चौकशी करायची आहे. किंवा म्हणतात, आमचे हे हल्ली उशिरा येतात. टीव्ही सेंटरच्या चौकात झेरॉक्सच्या दुकानावरची ही खोली. संभाजीनगरातली कितीतरी लग्नं या खोलीत तपासून पास झाली, काही नापासही झाली. आडाची तक्रार घेऊन मात्र आजवर कुणी जिना चढलं नव्हतं.

कोपऱ्यात अप्पाराव काळे बशीत चहा ओतत होते, ते थांबले. अप्पाराव एकतीस वर्षं तलाठी होते. निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून इथं येऊन बसायला लागले आणि बसता बसता विशाखाचे सहायक झाले. पगार नाही, चहा आहे. त्यांचा आयुष्यभराचा एकच सिद्धांत होता: कागदावर आहे म्हणजे आहे.

"आधी बस," विशाखा म्हणाली. "नाव सांग. मग आडाचं सांग."

"प्रेरणा औताडे. विद्यापीठात संशोधन करते." तिनं नकाशावर हात फिरवला. हिरवे, पिवळे, तांबडे ठिपके. "हे आपलं शहर. उपग्रहाचे तीस वर्षांचे फोटो घेतले. कुठं शेत होतं, कुठं माळ, कुठं नाला, कुठं तलाव, आणि त्याचं प्लॉटिंग कधी झालं. त्यावरून हिशेब मांडला, की पुढच्या दहा वर्षांत कुठलं पाणी आटणार, कुठं घरात पाणी शिरणार, कुठं ऊन सोसवणार नाही. हिरवं म्हणजे निभावेल. पिवळं म्हणजे सांभाळा. तांबडं म्हणजे गेलं."

"म्हणजे शहराची पत्रिकाच की!" अप्पाराव खूश झाले. "आणि मंगळ कुठं बसलाय?"

"पडेगावात," प्रेरणा न हसता म्हणाली. "दौलताबाद रोडच्या अंगाला. इथं वर गायरान आहे आणि गायरानात जुना पाझर तलाव. खालच्या सगळ्या विहिरी त्याच्या जिवावर जगतात. त्याला येणारे चार नाले होते, तीन प्लॉटिंगखाली बुजले. आता गायरानावरच घरं बांधायचा प्रस्ताव आलाय. सोमवारी सुनावणी आहे. तिथं मी हा नकाशा मांडणार होते."

"होते?"

"नकाशा खरा की खोटा हे बघायला मी बारा विहिरी निवडल्या. मागच्या जूनपासून दर महिन्याला जाऊन टेप सोडते, पाणी किती फुटांवर आहे ते लिहिते. नकाशा म्हणतो, मे महिन्यात बाराही विहिरी तळ गाठतील. अकरांनी गाठला. सात नंबरच्या आडाला पाणी आहे."

"मग बरंच आहे की, पोरी!"

"काका, नुसतं पाणी राहिलं असतं तर मीही पेढे वाटले असते. पण ते वर आलं! फेब्रुवारीत छत्तीस फुटांवर होतं, मार्चमध्ये तेहतीसवर. भर उन्हाळ्यात! बाजूच्या विहिरी खाली चालल्यात आणि हा आड वर येतोय. आमचे सर म्हणाले, 'प्रेरणा, मापं घरी बसून लिहिलीस का?'" तिनं ओढणीनं डोळे टिपले. "माझी तीन वर्षं गेली तर गेली, ताई. पण मी खोटी तर नकाशा खोटा, आणि नकाशा खोटा ठरला तर सोमवारी तो तलाव बुजवायला मोकळीक मिळेल. मला तीन दिवसांत कळलं पाहिजे, त्या आडात काय चाललंय."

विशाखानं वही जवळ ओढली. सात नंबरचं पान. जानेवारी एकतीस, फेब्रुवारी छत्तीस, मार्च तेहतीस, एप्रिल छत्तीस, मे सदतीस. एप्रिलच्या वर एक आकडा लाल पेनानं खोडलेला होता: त्रेचाळीस.

"हे कुणी लिहिलं?"

"अतुलनं. आमच्याच विभागातला. मला ताप होता म्हणून बुधवारी त्याला पाठवलं. त्यानं त्रेचाळीस लिहिलं. मला पटेना, रविवारी मी स्वतः गेले, तर पाणी छत्तीसवर! चार दिवसांत सात फूट फरक? तो गेलाच नव्हता. टपरीवर बसून अंदाजे लिहिलं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

"बाकीच्या अकरा विहिरींची त्याची मापं?"

प्रेरणा अडखळली. "ती बरोबर होती. पण या घरी तो गेला नाही हे मी शपथेवर सांगते. तिथं कुत्रं आहे, फाडून खाणारं. आडाच्या मालकांनी, कडूबा आजोबांनी, मला पहिल्यापासून बजावलंय, आधी फोन करून ये, म्हणजे बांधून ठेवतो. म्हणून मी शुक्रवारी फोन करते आणि रविवारी जाते. अतुलनं फोन केला नव्हता, आणि त्याला साधं ओरखडलंही नाही!"

"हं." विशाखाचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. "आणि हे टीडीएस, पाण्यातले क्षार? जानेवारीत साडेअकराशे, मार्चपासून तीनशेच्या आत?"

"पाणी मचूळ होतं, ते गोड झालं. का ते कळत नाही. केसरबाई आजी तर आडाला पाणी टिकलं एवढ्यावरच म्हणतात, देवाची कृपा."

"एखादी विहीर आटली की तू काय करतेस?"

"यादीतून काढते, तिच्याऐवजी दुसरी घेते. तसा नियमच आहे. फेब्रुवारीत मी आजी-आजोबांना सांगितलंसुद्धा होतं, की आता एक-दोन खेपा, मग माझं इथलं काम संपलं." ती नकाशाची घडी घालायला लागली. "लई जीव लावतात हो दोघं. म्हणजे, आजी लावतात. आजोबा नुसते गुरगुरतात."

शुक्रवारी सकाळी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये अतुल भेटला. रागानं भरलेला होता बिचारा.

"मी गेलो होतो, मॅडम. आडाच्या काठावर उभा राहून टेप सोडला. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस!"

"कुत्रं नव्हतं?"

"होतं ना. माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपलं. पाय काढून घ्यायला मला पाच मिनिटं लागली."

"प्रेरणाची मापं आधीच वहीत होती. तिच्यासारखाच आकडा टाकला असतास तर कुणी विचारलं नसतं."

"म्हणजे खोटं लिहायचं?" अतुल म्हणाला, आणि मग त्यानं हळूच विचारलं, "ती बरी आहे का आता?"

जिना उतरताना अप्पारावांनी निकाल दिला. "हाच आहे, ताई. पोरीची जागा पाहिजे याला. तोंडावरून साळसूद वाटतो."

"अप्पा, तुम्हाला ज्याचा कागद खोडलेला असतो तो प्रत्येक माणूस चोर वाटतो."

पडेगावात प्लॉटिंगच्या कमानीपाशी बिल्डर विश्वजीतचं पत्र्याचं ऑफिस होतं. आत कूलर, बाहेर ऊन. हाच माणूस गायरानाच्या प्रस्तावामागं होता, आणि तो हे लपवतही नव्हता.

"मॅडम, अपुन तो साफ बोलतो," विश्वजीत खुर्चीत रेलून म्हणाला. "त्या नकाशावाल्या पोरीशी माझं काय वैर? तिचंच माप माझ्या कामाचं आहे. आडाला पाणी आहे म्हणजे या पट्ट्याला पाणी आहे. सोमवारी हेच बोलणार. खल्लास!"

"तुम्ही स्वतः पाहिलंय ते पाणी?"

"मी? पाडव्याच्या आठवड्यात गेलो होतो ना म्हाताऱ्याकडं, जागा मागायला. त्याला म्हटलं, बाबा, आडाचा तळ दिसायला लागलाय, इथं काय ठेवलंय, देऊन टाक आणि सुटून जा..." तो एकदम थांबला. मग त्यानं कूलरकडं पाहिलं. "म्हणजे, तेव्हा असेल तसं. नंतर आलं असेल पाणी. जमिनीखालचं कुणाला कळतंय?"

"खरंय," विशाखा म्हणाली. "नकाशावाल्या पोरीला थोडंफार कळतं."

कडूबांच्या घरापर्यंत डांबरी रस्ता नव्हता. चौदा घरांची वस्ती होती म्हणे ती एकेकाळी. आता तेरा जागी चुन्याच्या रेघा, नंबराचे दगड, आणि मधोमध एकच घर. दारात कडुनिंब, त्याच्या सावलीत उभा एक निळा टँकर. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत '१०००० लिटर'. अंगणाच्या कडेला दगडी बांधणीचा अरुंद आड, वर लोखंडी जाळी.

आणि उंबऱ्यात कुत्रं. अप्पाराव विशाखाच्या मागं लपले. कुत्र्यानं एक डोळा उघडला, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि डोळा मिटून घेतला. त्याच्या तोंडात दात म्हणून एकच उरला होता.

"जागा विकायची नाय!" आतून खेकसल्याचा आवाज आला, मागोमाग कडूबा आले. सत्तरीचे, ताडमाड, कपाळावर कायमची आठी.

"जागा नको, आजोबा. चहा चालेल," विशाखा म्हणाली.

कडूबा काहीतरी पुटपुटत मागच्या गोठ्याकडं निघून गेले. केसरबाईंनी मात्र बाज टाकली, पाणी दिलं, धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं, आणि मग बोलायला लागल्या. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे!

"त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांना पाचच शब्द येतात, त्यातले तीन कुत्र्यासाठी हायत. चौदा घरं होती हो इथं. सगळ्यांनी प्लॉट केले आन् गेले. आता भांडायला सुदिक बाई राहिली नाय. दोन वर्सं मी बोलतच नव्हते म्हना ना. मग ती मोजणीवाली पोरगी यायला लागली. माझी जात्यावरची गाणी लिहून घेती. मोबाईलात धरून ठेवती आन् मलाच ऐकवती. लई हसायला येतं."

"फोन कुणाकडं येतो तिचा?"

"ह्यांच्याकडं. मला कुठं येतंय ते. ती येणार म्हनलं की हे मला आधल्या दिवशी सांगतात." केसरबाई हसल्या. "म्हातारपणी सुधारले बघा. जन्मात कधी देवाचं नाव घेतलं नाय. पण आता तीन म्हैने झाले, अधूनमधून एखाद्या शनिवारी मलाच म्हनतात, जा, खुलताबादला भद्रा मारुतीला जाऊन ये. एसटीत बसवून देतात. मी दिवसभर तिकडं, संध्याकाळी वापस."

"आणि प्यायचं पाणी? आडाचं?"

"न्हाय वो. मचूळ हाय ते, जाळी बी काढत नाय मी. ह्या बद्रीनाथच्या टँकरमधून हंडे भरते."

टँकरखाली उताणा पडून नट आवळणारा बद्रीनाथ बाहेर आला. अप्पारावांनी तलाठ्याच्या थाटात चौकशी केली, की टँकर कुणाचा आणि इथं उभा करायचं भाडं किती.

"टँकर माझाच. भाडं कसलं, साहेब? आज्या घेत नाही. कधीमधी त्याचं काही काम असलं तर करून देतो, झालं." बद्रीनाथ पाना पुसायला लागला, आणि पुसतच राहिला.

केसरबाई चहा टाकायला आत गेल्या, बद्रीनाथ पुन्हा टँकरखाली शिरला, तशी विशाखा आडाजवळ गेली. अप्पारावांनी सवयीनं पावलांनी तोंड मोजलं. "आठ फूट. बरोब्बर आठ." मग त्यांनी एक खडा उचलून जाळीतून टाकला.

दोघं कान देऊन उभे राहिले.

ठक्क.

अप्पारावांचा चेहरा उतरला.  रस्त्याला लागताच ते म्हणाले, "ताई, पोरगी खोटी निघाली हो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि वहीत कसं येणार? रडली कशी आपल्यासमोर! मला तर माझी पुतणीच वाटली होती."

"अप्पा, घाई करू नका. आड खरं बोलतोय. वहीही खरं बोलत असेल."

"दोन्ही खरं कसं असेल?"

 विशाखानं प्रेरणाला फोन लावला. "आज शुक्रवार आहे ना? आजोबांना फोन कर. नेहमीसारखाच. सांग, रविवारी येते."

रविवारी सकाळी दहाला प्रेरणानं आडात टेप सोडला. वजन खाली गेलं, गेलं, आणि 'डुबुक' असा आवाज आला.

"अडतीस फूट," ती म्हणाली.

अप्पारावांनी जाळीवर ओणवं होऊन पाहिलं. खाली पाणी चकाकत होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि खांद्यावरच्या रुमालानं तोंड टिपलं. "परवा खडा टाकला तेव्हा ठक्क वाजलं होतं हो! मी शपथेवर सांगतो!"

अंगणात विशाखानं सगळ्यांना बसवलं. अतुललाही बोलावलं होतं. तो प्रेरणापासून बाजेचं दुसरं टोक धरून बसला. बद्रीनाथ टँकरला टेकून उभा होता. कडूबा ओट्यावर, पाठ वळवून. विश्वजीतला विशाखानं बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, ही घरातली गोष्ट आहे.

"मला पहिल्यांदा खटकला तो अतुलचा आकडा," तिनं सुरुवात केली. "खोटं लिहिणारा माणूस आधीच्या मापाशी जुळेल असं लिहितो. अतुलचं माप कशाशीच जुळत नव्हतं. म्हणजे ते खरं होतं. प्रेरणाचंही खरं होतं. मग बुधवारी त्रेचाळीस आणि रविवारी छत्तीस, हे कसं? बरं, अतुल गेला न सांगता आणि प्रेरणा गेली फोन करून. एवढाच फरक."

प्रेरणानं अतुलकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मचूळ पाणी आपोआप गोड होत नाही. पाणी दुसरं होतं. किती? आडाचं तोंड आठ फूट. अशा आडात दहा हजार लिटर ओतलं तर पाणी सात फूट चढतं. त्रेचाळीसचं छत्तीस, सात फूट. परवा कोरडा तळ, वहीत आडाची खोली पंचेचाळीस लिहिलीय, आज पाणी अडतीसवर. पुन्हा सात फूट. बरोब्बर एक टँकर. ते मुरून गेलं की पुढच्या खेपेला नवा."

बद्रीनाथच्या हातातला पाना खाली पडला.

"विश्वजीतनं केलं असेल?" अप्पाराव आशेनं म्हणाले.

"विश्वजीतला हे पाणी सोयीचं आहे, पण त्यानं ओतलं नाही. ओतलं असतं तर त्याच आडाचा तळ दाखवून जागा मागायला तो आला नसता. शिवाय त्यानं बाराही विहिरी भरल्या असत्या, एकच कशाला? आणि प्रेरणा कधी येणार हे त्याला ठाऊक नसायचं. ते ठाऊक असायचं फक्त ज्याच्या मोबाईलवर फोन यायचा त्याला." ती ओट्याकडं वळली. "त्याच माणसानं एकदात्या कुत्र्याची दहशत घातली, म्हणजे पोरगी अवचित येऊ नये. आणि ती यायच्या आधल्या शनिवारी तो घरातल्या माणसाला एसटीत बसवून मारुतीला धाडायचा, म्हणजे टँकर रिकामा होताना कुणी बघू नये. बद्रीनाथ जागेचं भाडं देत नाही. महिन्याला एक खेप देतो."

 केसरबाई नवऱ्याच्या पाठीकडं बघत होत्या.

"व्हय," कडूबा न वळता म्हणाले. "म्या ओतलं."

"का पण, आजोबा?" प्रेरणाला हुंदका आला. "मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

आता ते वळले. कपाळावरची आठी तशीच होती.

"तूच म्हनलीस की, आड आटला की येणं बंद. त्या दिवशी ही जेवली नाय. दोन वर्सं घरात मुकी बसली होती, पोरी. तू आलीस आन् ही गायला लागली. मी गोठ्यात बसून ऐकायचो. बेचाळीस वर्सांत हिनं माझ्याकडं काय मागितलं नाय. तवा बी नाय मागितलं. मग म्या काय करावं?" ते खाकरले. "आन् मला वाटलं, तुझी परीक्षा चाललीया. पाणी जास्ती निघालं तर मार्कं जास्ती पडतील."

अप्पारावांनी जोरात नाक शिंकरलं.

"आवो!" केसरबाई उठल्या. "मारुतीच्या नावानं फसवलंत मला? मी दर खेपेला त्या देवाला एकच मागत होते, आड आटू देऊ नको म्हनून! आन् घरी येऊन पाहते तर आडाला पाणी. मला वाटायचं, देवानं ऐकलं!"

"त्याला लई कामं असत्यात," कडूबा हळूच म्हणाले. "म्हनलं, हातभार लावावा."

केसरबाई हसल्या की रडल्या ते सांगणं कठीण. दोन्ही एकदमच चाललं होतं. त्या नवऱ्याशेजारी ओट्यावर जाऊन बसल्या, आणि चारचौघांत बसल्या हे विशेष.

विशाखा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. हे तिला सांगायचं नव्हतं, पण सांगणं भाग होतं. "आजोबा, त्या पाण्यानं एक बिघाड झालाय. पोरीचा कागद सांगत होता, वरचा तलाव गेला तर खालचं सगळं आटेल. नाले बुजले तेव्हापासून आटतंच आहे. तुमच्या आडाला पाणी दिसलं म्हणून तो कागद खोटा ठरतोय. उद्या त्याच जोरावर तलाव बुजवतील."

"तलाव?" कडूबांना कळायला वेळ लागला. "आपला? जिथं मी पोहायला शिकलो त्यो?" त्यांनी आडाकडं पाहिलं, मग प्रेरणाकडं. "मला कुनी सांगितलं नाय. पोरी, मला तू बी सांगितलं नाय."

"चुकलंच माझं," प्रेरणा डोळे पुसत म्हणाली. "वर्षभर तुमचं पाणी मोजलं आणि कशासाठी मोजते ते कधी बोलले नाही. वाटलं, तुम्हाला काय समजणार."

मग ती बाजेवरून उठली आणि अतुलपुढं जाऊन उभी राहिली. वहीचं पान उघडून तिनं खोडलेल्या त्रेचाळीसवर पुन्हा निळ्या पेनानं त्रेचाळीस लिहिलं.  अतुलनं बाजेवर तिच्यासाठी जागा केली.

सोमवारच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. विश्वजीतनं सात नंबरच्या आडाचा दाखला दिला तेव्हा मागच्या रांगेतून धुतलेलं धोतर नेसलेला एक ताडमाड म्हातारा उठला. नाव विचारायच्या आत बोलायला लागला.

"आड माझा हाय. पाणी टँकरचं हाय. म्या ओतलं. पोरीचं माप खरं, पाणी खोटं."

काही जण हसले. म्हातारा उभाच राहिला, तेव्हा हसणं थांबलं. बद्रीनाथनं पुढं होऊन चारही खेपांच्या तारखा सांगितल्या. विश्वजीत म्हणाला, हे शिकवून आणलेलं नाटक आहे. तेव्हा विशाखानं त्याला फक्त एवढंच विचारलं, "पाडव्याच्या आठवड्यात याच आडाबद्दल तुम्ही आजोबांना काय म्हणाला होतात?" विश्वजीतनं इकडंतिकडं पाहिलं. तिथं कूलर नव्हता.

प्रेरणानं दुरुस्त केलेला आकडा मांडला. बारापैकी बारा. दुपारी निर्णय झाला: तलाव आणि त्याचा उरलेला नाला सोडून नवा प्रस्ताव आणा, तोवर गायरानाला हात लावायचा नाही. कायमचा विजय नव्हता तो. अप्पाराव म्हणाले, "पण कागदावर आहे. म्हणजे आहे." आणि या वेळी विशाखानं वाद घातला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून यायचा होता तेव्हा, प्रेरणा पडेगावला गेली. फोन न करता. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि तिच्या पाठोपाठ आडापर्यंत चालत गेलं. तिनं टेप सोडला. ठक्क.

कडूबा गोठ्यातून येऊन शेजारी उभे राहिले. "काय लिहिलंस?"

"कोरडा."

"खोटं नाय ना?"

"नाही, आजोबा."

त्यांनी जाळीवर वाकून आडात पाहिलं. "मग आता?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा खेकसणारा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो जमला नाही. "आता यादीतनं काढणार?"

प्रेरणानं वही त्यांच्यापुढं धरली. आटलेल्या विहिरीच्या रकान्यात 'वगळली' लिहायचं असतं. तिथं तिनं लिहिलं होतं: 'पुढची भेट, जुलै.' कडूबांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवलं.

आतून केसरबाईंनी हाक मारली, "माय, आधी धपाटं खाऊन घे. आड कुठं पळून जात नाय!"

कडूबांनी खाकरून घसा साफ केला.

"पण फोन करून येत जा," ते म्हणाले. "कुत्रं लई वाईट हाय."

कुत्रं तेव्हा प्रेरणाच्या पायावर डोकं ठेवून झोपलं होतं.